दुभंगलेली वही आणि तोट्याचा धनी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत सोयाबीन, कापूस, आडत आणि करांचे दर या विषयांवर लेख यावयाचेच, आणि ते यावेत हेही योग्यच. यंदा मात्र मी अशा एका वहीविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे, की जी कोणत्याही पेढीच्या गादीवर ठेवलेली नाही, जिला मुनीम नाही, मालक नाही, आणि तरीही जिच्यात धार व देवास येथील आपल्या कित्येक घरांतील शिल्लक आज नोंदलेली आहे. ही वही म्हणजे बिटकॉइन आदी कूटचलनांची होय. घरातील एखादा हुशार मुलगा भ्रमणध्वनीवर खाते उघडतो. त्याच्याच खात्यावर काका, मामा, आत्या आपापली रक्कम विश्वासाने ठेवतात. चिठ्ठी-चपाटी काही नसते. हा प्रकार आता अपवादात्मक राहिलेला नाही.

या विषयावर आपल्यांत दोन पक्ष आहेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा निव्वळ सट्टा आहे. तरुण म्हणतात, ही अशी वही आहे की जेथे कोणावरही विश्वास ठेवावा लागत नाही, गणितच साक्षी असते. माझ्या मते दोघांनीही या वहीच्या इतिहासातील सर्वांत उपयुक्त प्रसंग वाचलेला नाही. वही सुरळीत चालली असता तिची परीक्षा होत नाही. ती फुटते तेव्हाच होते.

प्रथम वहीची रचना थोडक्यात सांगतो. तिची नक्कल जगभर हजारो संगणकांवर असते. दर दहा मिनिटांच्या सुमारास तिला एक नवे पान जोडले जाते; त्यास ब्लॉक म्हणतात. प्रत्येक पानावर मागील पानाची खूण असते, म्हणून जुने पान गुपचूप बदलता येत नाही. पाने जोडण्याचे श्रम करणाऱ्यांस मायनर म्हणतात व त्यांना त्याबद्दल नवी नाणी मिळतात; २०१३ साली हे वेतन दर पानास २५ नाणी एवढे होते. एकाच वेळी दोन पाने पुढे आली, तर ज्या फांदीवर अधिक श्रम खर्ची पडले ती खरी, असा संकेत आहे.

११ मार्च २०१३ रोजी, आपल्याकडे १२ मार्चची पहाट होत असता, २,२५,४३० क्रमांकाच्या पानाशी ही वही अकस्मात दुभंगली. कोणी कट केला नव्हता, कोणी चोर शिरला नव्हता. वही लिहिण्याच्या संगणकीय कार्यक्रमाची ०.८ ही नवी आवृत्ती नुकतीच प्रचारात आली होती. पुष्कळ लोक अद्याप ०.७ वा त्याहून जुनी आवृत्ती वापरीत होते. नव्या आवृत्तीत नोंदी साठविण्याची पद्धत बदललेली होती. जुन्या पद्धतीत एका वेळी किती नोंदी हाताळता येतील यावर एक मर्यादा होती. पण ती नियम म्हणून कोणी लिहिलेली नव्हती, आणि ती आहे हेच कोणाच्या ध्यानी नव्हते. मग एक मोठे पान आले. नव्यांनी ते घेतले, जुन्यांनी नाकारले, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिकपणे पुढची पाने जोडू लागल्या. बाजारात न लिहिलेले नियमच भांडणास कारण होतात, हे ज्याने मंडीत दहा वर्षे काढली आहेत त्यास वेगळे सांगावयास नको.

आता पेच असा, की श्रमाचे सुमारे साठ टक्के बळ नव्या फांदीकडे होते. लिखित संकेताप्रमाणे तीच जिंकावयाची. तथापि तिची पाने जुन्या आवृत्तीच्या लोकांना वाचताच येत नव्हती, आणि त्या लोकांत व्यापारी व विनिमयकेंद्रेही होती. याउलट जुनी फांदी दोघांनाही वाचता येत होती. म्हणजे सबळ फांदी जिंकली असती, तर दुर्बळांस वहीबाहेर पडावे लागले असते. वहीची देखभाल करणाऱ्या मंडळींनी तातडीने विचारविनिमय केला आणि ठरविले, की नव्यांनीच मागे यावे. हुकूम देण्याचा अधिकार कोणासच नव्हता. विनंतीच करावयाची होती. बीटीसी गिल्ड व स्लश या दोन मोठ्या मायनर-समूहांनी ती मानली व जुनी आवृत्ती पुन्हा बसविली. त्यायोगे बळाचे पारडे फिरले. सुमारे सहा तासांनी जुनी फांदी पुढे गेली, आणि नव्या फांदीची सुमारे चोवीस पाने रद्द झाली.

या चोवीस पानांचे वेतन म्हणजे सुमारे सहाशे नाणी. ज्यांनी वीज जाळून, यंत्रे चालवून ती पाने जोडली, त्यांची ती कमाई बुडाली. नियम त्यांच्या बाजूचा होता, बळही त्यांच्या बाजूस होते. आणि तरीही त्यांतील प्रमुखांनी तो तोटा पत्करला.

इतर घडामोडी त्वरेने सांगतो. माउंट गॉक्स या त्या काळच्या मोठ्या विनिमयकेंद्राने नाणी जमा करून घेणे तात्पुरते थांबविले. भाव ४८ डॉलरच्या आसपास होता, तो ३७ पर्यंत घसरून काही तासांत पूर्ववत् झाला. एकाने तेच नाणे दोन्ही फांद्यांवर खर्च करून पाहिले. रक्कम मोठी होती, पण पुढे प्रसिद्ध झालेल्या अहवालात तो लबाडीचा नव्हे, तर शक्याशक्यता अजमावण्याचा प्रयोग होता असे नमूद आहे. तो अहवालही वाचण्याजोगा आहे. काय चुकले, काय साधले, हे त्यात आडपडदा न ठेवता मांडले आहे. आपल्या किती संस्था मेळ न बसल्याचे असे छापून देतील?

तरुण मित्रांना माझे सांगणे हेच आहे. ज्या वहीत विश्वासाची गरज नाही असे तुम्ही म्हणता, ती त्या पहाटे गणिताने नव्हे, विश्वासाने सांधली गेली. आणि वडीलधाऱ्यांना सांगणे असे, की केवळ सट्टेबाजांच्या हातून असा तोटा सोसला गेला नसता.

देवासच्या माणसाला ही हकीकत ऐकून स्वतःचे गाव आठवल्यावाचून राहणार नाही. तुकोजीराव व जिवाजीराव पवार या दोघा बंधूंपासून थोरली पाती व धाकटी पाती चालत आल्या. १८१८ साली इंग्रजांशी तह झाला, तेव्हा दोघे राजे मिळून एकच दौलत चालवीत होते. १८४१ साली वाटणी झाली. वंश एक, पूर्वेतिहास एक, शहर एक. आणि तेथून पुढे दोन दरबार, दोन कचेऱ्या. फांदीचे याहून स्पष्ट उदाहरण कोणत्या संगणकतज्ज्ञास सापडावयाचे? ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या त्यांच्या पुस्तकाने हे जोडराज्य जगास ठाऊक झाले. ही दुही १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत, म्हणजे एकशे सात वर्षे टिकली. दोन राज्यव्यवस्थांचा खर्च एवढा काळ कोणी सोसला, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

यातील एक बारकावा व्यापाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. १८७६ च्या देशी नाण्यांच्या कायद्यान्वये धार व देवास ही संस्थाने ब्रिटिश टांकसाळीतून नाणी पाडून घेऊ लागली. १८८८ साली देवासच्या दोन्ही पात्यांची तांब्याची नाणी निघाली. एकावर थोरल्या पातीचे चिन्हाक्षर, दुसऱ्यावर धाकटीचे, आणि दोहोंवर मुखवटा राणी व्हिक्टोरियाचाच. राज्ये दोन असूनही पैशाची किंमत एकच राहिली. कारण मागे उभा राहणारा एकच होता. कूटचलनाच्या मागे असा कोणी उभा नसतो. त्याची वही फुटली व सांधली गेली नाही, तर नावेही दोन होतात आणि भावही दोन होतात. ज्या देवासात १९७४ पासून सरकारी बँक नोट प्रेस आहे, तेथील रहिवाशांना हा भेद चटकन् उमजावा.

वही सांधली न गेल्याचे उदाहरणही आहे. १७ जून २०१६ रोजी इथेरियम या दुसऱ्या कूटचलनाच्या वहीवरील एका सामाईक निधीतून, करारातील पळवाटेचा लाभ घेऊन, सुमारे छत्तीस लक्ष नाणी कोणी वळती केली. बहुसंख्यांनी ठरविले, की नोंद फिरवून पैसे मूळ धन्यांस द्यावेत. २० जुलै रोजी तसे झाले. थोड्यांनी म्हटले, लिहिले ते लिहिले, वही फिरवावयाची नाही. ही फूट जाणूनबुजून केलेली होती. अनपेक्षित गोष्ट पुढेच घडली. जुनी फांदी चार दिवसांत सुकेल असा पुष्कळांचा कयास होता, तो फसला. एका विनिमयकेंद्राने जुन्या फांदीच्या नाण्यांचा व्यापार सुरू केला आणि ती इथेरियम क्लासिक या नावाने जगली. ज्याच्याजवळ शंभर नाणी होती, त्याच्याजवळ आता दोन्ही प्रकारची शंभर शंभर झाली.

येथे आपल्या शास्त्राशी थेट संबंध येतो. ठेव एकाची, हाती दुसऱ्याच्या, आणि मधल्यामध्ये एका ठेवीच्या दोन ठेवी झाल्या. ठेवीदाराने एकच मागितली, तर दुसरी कोणाची? हा प्रश्न काल्पनिक नाही. १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनपासून बिटकॉइन कॅश वेगळे झाले, तेव्हा कॉइनबेस या अमेरिकन विनिमयकेंद्राने नव्या फांदीस आपण थारा देणार नाही असे आधी जाहीर केले होते. ग्राहकांनी गवगवा केल्यावर १ जानेवारी २०१८ पर्यंत ती नाणी काढून घेण्याची सोय करू, असे त्यास सांगावे लागले.

तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया व न्यासापहार हे दोन आहेत. (‘कूट’ म्हणजे गुप्त आणि ‘कूट’ म्हणजे खोटेही, कूटचलन हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांना हा श्लेष अभिप्रेत नसावा!) न्यासापहार म्हणजे ठेव लुबाडणे, एवढाच अर्थ आपण घेतो. पण पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा जो खुलासा केला आहे तो फार सूक्ष्म आहे. ठेवणारा आपली संख्या विसरला व कमी मागू लागला असता, ‘बरोबर, एवढेच होते’ असे म्हणून तेवढेच देणे, हाच तो अतिचार. आत्याबाईंना आपल्या नाण्याची दोन नाणी झाली हे ठाऊकच नाही. त्या एकच मागतात. भाचा एकच देतो व गप्प राहतो. दीड सहस्र वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी हा प्रसंग जणू पाहूनच ठेवला होता.

आणि धारेस तर या विचाराचा वारसाच आहे. देवसेनांनी दहाव्या शतकात धारेतच ‘दर्शनसार’ रचले. संघांत फूट केव्हा पडली, कोठे पडली, याची ती कालनिर्देशासह नोंद होय. त्यांची सर्व मते सर्व आम्नायांस मान्य होतील असे नाही, आणि तो वाद या स्मरणिकेत नको. परंतु फुटीची तिथी लिहून ठेवावी ही दृष्टी व्यापाऱ्याने घेण्यासारखी आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस पंडित आशाधर मांडलगडाहून धारेस आले, पुढे नालछास राहिले, आणि ‘सागारधर्मामृत’ लिहिताना गृहस्थाच्या गुणांत पहिले स्थान त्यांनी न्यायाने मिळविलेल्या धनास दिले.

सरकारकडून या बाबतीत फार अपेक्षा धरू नये. रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे निर्बंधक परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले; १ एप्रिल २०२२ पासून या नफ्यावर तीस टक्के कर लागू झाला आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून हस्तांतरणावर एक टक्का कपात. कर घेतला जातो याचा अर्थ ठेवीस संरक्षण मिळाले असा नव्हे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. वर ज्या मुलाच्या नावे खाते, कर त्याच्याच नावे. आत्याबाईंचा हक्क सिद्ध करणारा कागदच नाही.

म्हणून माझी मंडळास अशी सूचना आहे. ज्या सभासदाच्या वा त्याच्या मुलाच्या खात्यावर दुसऱ्याची अशी नाणी आहेत, त्याने येत्या दिवाळीस नव्या वहीचे पूजन झाल्यावर पहिल्याच पानावर ती नावानिशी व संख्येनिशी मांडावीत. तेथेच लिहावे, की मूळ वही फुटल्यास दोन्ही फांद्यांची नाणी ठेवीदाराची. फूट ध्यानी येताच, कोणती फांदी टिकते हे ठरेपर्यंत, देणे-घेणे बंद राहील. आणि त्या अवधीत जो तोटा येईल तो अमुक प्रमाणात अमुक जण सोसेल. खाली ठेवणाऱ्याची व ठेवून घेणाऱ्याची, दोघांचीही सही असावी. मंडळाने असा मसुदा छापून दिल्यास पुढील सर्वसाधारण सभेत तो मांडण्यास मी तयार आहे. आणि माझ्या स्वतःच्या घरातील मुलाकडून त्यावर पहिली सही घेण्याचे मी पत्करतो.