भाऊबीजेचा सूर्यास्त आणि अडीच फूट पाणी

वीस फुटी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड मशीन, आत आठ-दहा माणसे. एवढ्या बोटीला कर्लीच्या खाडीतून सुखरूप जायला पाणी किती हवे? मालवण परिसरात आउटबोर्ड मशीन दुरुस्त करणे हा माझा धंदा. दिवाळीनंतर माझ्याकडे येणारे पंखे बघितले की वाटते, हा प्रश्न कोणी विचारतच नसावे. एजंटाचा फोन येतो तो एकच विचारायला, ‘सनसेटाक पोचवतलस मा रे?’

हिशेब अवघड नाही. भरलेल्या बोटीचा तळ फूटभर पाण्यात बसतो. मशीनचा पंखा आणि त्याच्याखालचे पाते तळाच्या आणखी फूटभर खाली असते. म्हणजे दोन फुटांना मशीन जमिनीला टेकलेच. वर अर्धा फूट मोकळा हवा, कारण पंखा वाळूला लागला नाही तरी वाळू उडवतो आणि मशीन थंड ठेवणारे पाणी तिथूनच आत ओढले जाते. मागून उडणारी धार बारीक झाली की समजावे, वाळूने आतला रबरी इम्पेलर खाल्ला. शांत पाण्यात कमीत कमी अडीच फूट, ते असे.

हा आकडा जागेवर थांबत नाही. सहा माणसे जास्त घेतली तर बोट दोनेक इंच खाली जाते. वेग वाढवला की बोट उचलली जाते आणि कमी पाण्यातूनही निघते, हे खरे. पण उचलण्याआधी तिची पिछाडी आधी खाली बसते. तीन-साडेतीन फूट पाण्यात हे बसणे ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास सर्वात जास्त असते, आणि नवखा चालवणारा सावधगिरी म्हणून नेमका तोच वेग धरतो. उथळात एक तर अगदी सावकाश जावे, मशीन थोडे वर उचलून. नाहीतर पुढे पाणी आहे अशी खात्री असेल तरच जोरात. जोरात जाणाऱ्या बोटीचे मशीन मध्येच बंद पडले की ती दीड फूट पाण्यात खाली बसते आणि तिथेच राहते.

हे झाले खाडीच्या आतले. देवबागच्या टोकाला, जिथे नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगवे दिसते, तिथे हिशेब वेगळा. लाट दोन फुटांची असेल तर दोन लाटांमधल्या खळग्यात पाणी फूटभर कमी होते. बोट वरून त्या खळग्यात आपटते, तो दणका निराळा. मुखावर चार-साडेचार फुटांखाली जाऊ नये असे मी सांगतो. लाट फुटताना दिसली तर मोजायलाही जाऊ नये. लाटेच्या उंचीच्या सव्वापट पाणी राहिले की ती फुटते. म्हणजे तीन फुटांची लाट फुटत असेल तिथे खाली चार फूटच पाणी आहे. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली तर ती आणखी उभी होते.

आता कॅलेंडर बघा. पौर्णिमा-अमावास्येला आमच्या किनाऱ्यावर भरती दुपारच्या थोडी आधी येते आणि रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अमावास्येनंतर दोन दिवसांनी, भाऊबीजेला, पाणी तळाला जाते ते संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्याच वेळी सूर्य मावळतो. त्यातून हिवाळ्यात दिवसाच्या दोन ओहोट्यांपैकी संध्याकाळचीच जास्त उतरते. वर्षातल्या सर्वात मोठ्या गर्दीला, उधाणाच्या सुकतीला, माणसांनी भरलेल्या बोटी आम्ही उथळावर पाठवतो, कारण पॅकेजमध्ये ‘सनसेट’ छापलेले असते. अष्टमीला भांगाचे पाणी असते, चढ-उतार कमी. तेव्हा हीच फेरी बिनघोर होते. पण अष्टमीला सुट्टी नसते.

वाळूवर बोट लागणे म्हणजे थोडी गंमत, असे पर्यटकांना वाटते. चढत्या पाण्यावर लागली तर खरेच गंमत, अर्ध्या तासात पाणीच उचलते. उतरत्या पाण्यावर लागली की चालवणारा सांगतो, ‘जरा उतरा, ढकलूया.’ वाळूच्या पट्ट्याची एक बाजू गुडघाभर पाण्याची आणि दुसरी बाजू थेट खोल प्रवाहात उतरणारी असते. अंधार पडत असताना, ओहोटीच्या ओढीत, लहान मुलांना घेऊन तिथे उतरणे ही गंमत नव्हे.

यावर आमच्याकडे एकच उत्तर ऐकू येते, गाळ काढा. जेटीपाशी साचलेला गाळ काढावाच. उधाणाच्या ओहोटीला गाळामुळे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँच बंद ठेवावी लागते, ते हाल उरणकरांना विचारा. पण नदीच्या मुखावरची वाळू उपसणे वेगळे. मे महिन्यात उपसलेले मुख पावसाळा भरून टाकतो आणि सप्टेंबरात वाट दुसरीकडूनच निघते. नकाशाही इथे पुरत नाही. समुद्राचे नकाशे डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसात तयार होतात आणि ते उत्तम असतात. पण दरसाल जागा बदलणारा वाळूचा पट्टा त्यात कसा सापडणार?

त्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. प्रत्येक जेटीवर आणि मुखाच्या आतल्या बाजूला एक खांब रोवा, त्यावर फुटांच्या पट्ट्या रंगवा. सीझन सुरू होताना गावातल्या जुन्या खलाशाला घेऊन वाट काठीने मोजा आणि खांबावर लाल रेघ मारा : पाणी याच्याखाली गेले की फेरी बंद. शेजारी फळ्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहा. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी कोष्टक छापते, शेजारच्या मुरगाव बंदराच्या वेळा आम्हाला पुरतात. याला निविदा लागत नाही, रंगाचा डबा लागतो.

बोटवाले म्हणतील, सीझन चार महिन्यांचा, त्यात दिवाळी सोडायची तर खायचे काय? त्यांची अडचण खोटी नाही. हप्ते त्यांचे आहेत, एजंटाचे नाहीत. पण दिवाळीच्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी दोन खाडीत भरपूर पाणी असते. फेऱ्या तेव्हा करा, आणि संध्याकाळी पाहुण्यांना सूर्यास्त तारकर्लीच्या किनाऱ्यावरून दाखवा. एका सीझनचे पंखे आणि इम्पेलर यांचा खर्च मांडला तर यात कोणाचे नुकसान नाही. माझे थोडे होईल, ते चालेल.

आणि फिरायला येणाऱ्यांनी लाइफ जॅकेटबरोबर आणखी एक गोष्ट मागावी. तिकीट काढताना विचारा, ‘आत्ता पाणी चढतेय की उतरतेय?’ चालवणाऱ्याला ते सांगता आले नाही, किंवा उतरतेय म्हणाला आणि परतीची वेळ अंधारातली निघाली, तर पैसे परत मागा. सरकारी फलक लागेपर्यंत बोटींचे वेळापत्रक बदलण्याची ताकद तुमच्या या एका प्रश्नात आहे.