कात्री उघडायला कात्री!

दुकानासाठी आम्ही नवी कात्री आणली. कडक प्लॅस्टिकमध्ये बंद, चारी कडा उष्णतेने चिकटवलेल्या. उघडायला कात्रीच हवी! जुनीची धार गेली, म्हणून तर नवी आणली. नोकराने सुरी चालवली, तर प्लॅस्टिकची कापलेली कड तळहातात घुसली. रक्त पांढऱ्या ताग्यावर सांडले. तागा गेला तो वेगळाच.

माल खुंटीवर टांगता यावा, चोरी होऊ नये म्हणून हे वेष्टन, असे कारखानदार सांगतात. कबूल. पण रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईक चोर आहे काय? आम्ही तर तागा उलगडून, हात लावू देऊन विकतो. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने २००८ साली सहज उघडणारी खोकी सुरू केली. आपल्याकडच्यांनी निदान एका कोपऱ्यात फाडायला खाच ठेवावी. तेवढ्याने माल महागेल, हे आम्हाला पटत नाही.