विश्लेषण : डाव तुमचा, पण व्हिडिओ कोणाचा? गेमचे फुटेज आणि कॉपीराइटचा पेच

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे इंदापूर तालुक्यात जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते, अश्व धावतात आणि हजारो मोबाइल एकाच वेळी वर होतात. त्याच मोबाइलवर एरवी बीजीएमआयचा डाव रंगतो, स्क्रीन रेकॉर्ड होते आणि मराठी समालोचनासह व्हिडिओ यूट्यूबवर जातो. दोन्ही व्हिडिओ एकाच हाताने काढलेले, एकाच चॅनलवर टाकलेले. कायद्याच्या नजरेत मात्र दोन्हींत मोठा फरक आहे. पहिला व्हिडिओ काढणाऱ्याच्या मालकीचा असतो. दुसरा बहुतांशी गेम कंपनीच्या मेहेरबानीवर उभा असतो. हा फरक कळतो तो बहुधा चॅनलवर ‘स्ट्राइक’ आल्यानंतरच.

रिंगणाचा व्हिडिओ आणि गेमचा व्हिडिओ यांत फरक काय?

रिंगण ही घटना आहे. धावत्या अश्वावर कोणाचा कॉपीराइट नसतो. ते ज्याने चित्रित केले, त्या चित्रफितीचा हक्क त्याचा. गेमच्या पडद्यावर दिसणारे मैदान, पात्रे, हत्यारे आणि संगीत हे मात्र सगळे कोणीतरी रचलेले असते. स्क्रीन रेकॉर्ड करणे म्हणजे त्या रचनेची प्रत काढणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हे दोन्ही अधिकार मूळ मालकाकडे असतात.

संगीताचा पदर वेगळाच आहे. तुकोबांचे अभंग सतराव्या शतकातले, त्यांच्या शब्दांवर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. पण एखाद्या गायकाने गायलेल्या अभंगाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्धीनंतर ६० वर्षे संरक्षित असते. त्यामुळे रिंगणाच्या व्हिडिओला मागे असे गाणे जोडले, तर त्यावरही संगीत कंपनीचा दावा येऊ शकतो. गेममध्येही तसेच होते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या गाडीतल्या रेडिओवर वाजणारी गाणी गेम कंपनीने दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेली असतात. गेम कंपनीची हरकत नसली, तरी गाण्याचा मालक दावा करू शकतो.

भारतात ‘फेअर यूज’ आहे का?

अनेक चॅनलवर व्हिडिओच्या खाली ‘फेअर यूज’चा एक परिच्छेद चिकटवलेला असतो. ही अमेरिकी कायद्यातली संकल्पना आहे. तिथे न्यायालय चार गोष्टी तपासते : वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. असा परिच्छेद लिहिल्याने कोणतेही संरक्षण मिळत नाही.

भारतात ‘फेअर डीलिंग’ म्हणजे न्याय्य वापर आहे आणि तो अधिक आखडता आहे. कायद्याच्या कलम ५२ नुसार खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन या हेतूंसाठीच ही सवलत मिळते. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन प्रकरणात एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या दुसऱ्या नाटकाला संरक्षण दिले. किती भाग उचलला, कशासाठी उचलला आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होते का, हे तेव्हा पाहिले गेले.

या कसोट्या लावल्या, तर पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ मध्ये आणलेल्या ‘इंडस’ची बारामतीतून कोणी मराठीत समीक्षा केली आणि मुद्दा पटवण्यापुरते तुकडे दाखवले, तर त्याची बाजू भक्कम ठरते. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत, एक शब्दही न बोलता अपलोड केला, तर बचाव करणे अवघड. ‘राजी’सारख्या गेममध्ये कथा हाच प्राण असतो. ती फुकट पाहिल्यावर गेम विकत कोण घेईल, हा कंपनीचा सवाल रास्त ठरतो.

कलम ५२ मध्ये आणखी एक अडचण आहे. ही सवलत ‘संगणक प्रोग्राम वगळता’ इतर कृतींना लागू होते आणि गेम हा मुळात संगणक प्रोग्रामच. व्हिडिओत प्रोग्रामचा कोड नसतो, फक्त चित्रे व आवाज असतात, असा युक्तिवाद करता येतो आणि त्यात दमही आहे. पण तो करायला न्यायालयात उभे राहावे लागते.

मग लाखो गेमप्ले व्हिडिओ चालतात कसे?

कारण कंपन्या ते चालू देतात. व्हिडिओ म्हणजे फुकटची जाहिरात. मायक्रोसॉफ्टच्या नियमांत तिच्या गेमचे व्हिडिओ दाखवून जाहिरातीचे उत्पन्न घेण्याची मुभा आहे. जपानच्या निन्टेन्डोने २०१५ मध्ये उत्पन्नातला वाटा मागणारी योजना आणली होती. त्यात व्हिडिओ करणाऱ्याला ६० ते ७० टक्के मिळत. टीकेनंतर २०१८ मध्ये ती गुंडाळली गेली. आता मुभा आहे, पण व्हिडिओत स्वतःची भर असावी, अशी अट आहे.

मात्र मुभा म्हणजे हक्क नव्हे. सप्टेंबर २०१७ मध्ये प्यूडीपाय या जगप्रसिद्ध यूट्यूबरने एका थेट प्रक्षेपणात वर्णद्वेषी शब्द वापरला. ‘फायरवॉच’ हा गेम बनवणाऱ्या कॅम्पो सँटो कंपनीने चिडून त्याच्या फायरवॉचच्या व्हिडिओविरुद्ध कॉपीराइटची नोटीस दिली. तो शब्द दुसराच गेम खेळताना उच्चारला गेला होता आणि कंपनीने पूर्वी अशा व्हिडिओंना खुली परवानगी दिलेली होती. अनेकांना कंपनीचा राग योग्य वाटला. तरी दिलेली परवानगी कधीही मागे घेतली जाऊ शकते, हे त्यातून उघड झाले.

मालक बदलला तर अटीही बदलू शकतात. ‘रिअल क्रिकेट’ बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्ये बीजीएमआयची मालक क्राफ्टन हिने २०२५ मध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. जुन्या व्हिडिओंनाही नव्या मालकाच्या अटी लागू होतात का, हा प्रश्न अशा प्रत्येक व्यवहारानंतर उभा राहतो.

दावा आणि स्ट्राइक यांत काय फरक?

यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा गाणे किंवा दृश्य ओळखून ‘दावा’ लावते. तेव्हा व्हिडिओ बहुधा राहतो, पण उत्पन्न दावेदाराकडे जाऊ शकते. स्ट्राइक म्हणजे मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावणे. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्यास चॅनलच बंद होऊ शकतो. व्हिडिओ आपणच काढून टाकला म्हणून स्ट्राइक जात नाही.

त्यामुळे स्ट्राइक हे दबावाचे हत्यार ठरू शकते. मे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगल यांनी एएनआय वृत्तसंस्थेवर हाच आरोप केला. काही सेकंदांच्या फुटेजसाठी स्ट्राइक देऊन लाखो रुपयांचा परवाना घ्यायला लावले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. एएनआयने आरोप फेटाळला, आपण कायदेशीर हक्कच बजावत असल्याचे सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयात मानहानीचा दावा केला. प्रकरण बातम्यांच्या फुटेजचे असले, तरी यंत्रणा तीच आहे.

प्रतिदावा का केला जात नाही?

समजा, इंदापूर तालुक्यातल्या एका तरुणाच्या समीक्षेच्या व्हिडिओवर स्ट्राइक आली. आपली बाजू खरी आहे, असे त्याला वाटते. यूट्यूब प्रतिदाव्याची सोय देते. त्यात खरे नाव, पत्ता आणि फोन नंबर द्यावा लागतो व तो तपशील तक्रारदाराला कळवला जातो. शिवाय अमेरिकेबाहेर राहणाऱ्याने यूट्यूब जिथे आहे, तिथल्या म्हणजे कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. तक्रारदाराने कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयीन कारवाईचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो.

कागदावर ही व्यवस्था दोन्ही बाजूंना समान आहे. प्रत्यक्षात एका बाजूला वकिलांची फौज असते आणि दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाचे नाव वाचूनच हबकलेले घर. बहुतेक जण इथेच माघार घेतात. न्याय्य वापर होता की नाही, हे मग कोणी तपासतच नाही.

भारतीय कायदा काय देतो?

कायद्यात छोट्या माणसासाठी तरतुदी आहेत. कलम ५२ नुसार मालकाच्या लेखी तक्रारीवरून मजकूर रोखला गेला आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. कलम ६० नुसार बिनबुडाच्या कारवाईची धमकी देणाऱ्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. कलम ६२ नुसार कॉपीराइटचा मालक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा लावू शकतो. याचा उपयोग या तरुणालाही आहे. समालोचन, लिहिलेली संहिता आणि स्वतःचा चेहरा दिसणारे चित्रण हे त्याचेच. दिल्लीतल्या कोणी ते ढापले, तर त्याला दिल्ली गाठायची गरज नाही, पुणे जिल्हा पुरेसा आहे.

पण कायद्याला धारही आहे. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केले. जपानमध्ये तर गेमच्या व्हिडिओवरूनच शिक्षा झाली आहे. ‘स्टाइन्स गेट’ मालिकेतल्या गेमचा शेवट उघड करणारे व्हिडिओ टाकून पैसे कमावल्याबद्दल सप्टेंबर २०२३ मध्ये सेंदाईच्या न्यायालयाने एकाला दोन वर्षांची स्थगित कैद आणि १० लाख येन दंड ठोठावला.

काय काळजी घ्यावी?

व्हिडिओ टाकण्यापूर्वी त्या गेम कंपनीचे फुटेजविषयीचे नियम वाचावेत आणि त्या पानाची तारखेसह प्रत ठेवावी. गेममध्ये परवान्याची गाणी बंद करण्याची सोय असल्यास ती वापरावी. मूळ फुटेज गरजेपुरते घ्यावे आणि त्यावर स्वतःचे म्हणणे मांडावे. संकलनाच्या मूळ फाइल जपून ठेवाव्यात, कारण आपला व्हिडिओ दुसऱ्याने उचलला तर त्याच पुराव्याला येतात. स्ट्राइक आलीच, तर घाबरून लगेच पैसे देऊ नयेत. आधी तक्रार कोणी व कोणत्या दृश्याबद्दल केली आहे, ते पाहावे. आपला वापर समीक्षेत किंवा वार्तांकनात बसतो का, हे वकिलाला विचारावे आणि मगच प्रतिदाव्यावर नाव घालावे.