आधी ट्रॉफी जिंकली, साडेतीन महिन्यांत लीगच दिवाळखोर : ऑल्बनी एम्पायरचा विषय नेमका काय?

11 ऑगस्ट 2019. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. टाइम्स युनियन सेंटर नावाचं इनडोअर स्टेडियम जवळपास फुल्ल. घरच्या ऑल्बनी एम्पायर संघाने फिलाडेल्फिया सोलला 45-27 असं हरवलं आणि अरिना फुटबॉल लीगची फायनल, म्हणजे अरिनाबोल, जिंकली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लीगने दिवाळखोरीचा अर्ज केला. विजेता संघही गेला, हरलेलाही गेला.

आता तुम्ही म्हणाल, हे अरिना फुटबॉल काय प्रकरण आहे? सोपं आहे. मोठ्या मैदानावरच्या क्रिकेटचं टर्फवर बॉक्स क्रिकेट झालं, तसंच अमेरिकन फुटबॉलचं हे छोटं रूप. जिम फॉस्टर नावाच्या माणसाला 1981 मध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघताना ही आयडिया सुचली, त्याने हातातल्या पाकिटावरच मैदानाचं चित्र काढलं आणि 1987 मध्ये लीग सुरू झाली. मैदान 100 ऐवजी 50 यार्डांचं, खेळाडू 11 ऐवजी 8. कडेला गादी लावलेल्या भिंती, गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना जाळ्या. जाळीला लागून परत आलेला बॉल पकडून खेळ चालू ठेवता येतो. त्यामुळे स्कोअर पन्नास-साठच्या घरात जाणं नेहमीचंच. कर्ट वॉर्नर इथेच आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळून पुढे एनएफएलचा सुपर बोल जिंकून आला.

ऑल्बनीच्या 2019 च्या सीझनला आदल्या वर्षीची जखम होती. 2018 मध्ये लीगमध्ये उरले होते फक्त चार संघ आणि चारही प्लेऑफमध्ये. टेबलात टॉपला असलेल्या ऑल्बनीची सेमीफायनल पडली वॉशिंग्टन व्हॅलरशी. या व्हॅलरने 12 पैकी 2 मॅच जिंकल्या होत्या. फक्त 2! दोन लेगच्या एकत्रित स्कोअरवर ऑल्बनी बाहेर पडलं आणि पुढे व्हॅलर चक्क चॅम्पियन झाले. टेबलाच्या तळाचा संघ ट्रॉफी घेऊन जातो तेव्हा फॉरमॅटमध्येच गडबड आहे, असं माझं मत.

2019 मध्ये संघ सहा झाले. कोच रॉब कीफ आणि क्वार्टरबॅक टॉमी ग्रेडी यांच्या ऑल्बनीने 12 पैकी 10 मॅच मारल्या आणि यावेळी फायनलही सोडली नाही. लाखभर वस्तीच्या शहरात लोक तिकीट काढून येत होते. म्हणजे संघ चांगला, पब्लिक चांगलं. मग माशी शिंकली कुठे?

खर्चाच्या वहीत. ऑक्टोबरमध्ये लीगने संघांचं स्थानिक कामकाज बंद केलं. कारण देताना जुनी देणी आणि आधीच्या विमा कंपनीने लावलेला लाखो डॉलरचा दावा पुढे केला. हा विमा म्हणजे वर्कर्स कॉम्पेन्सेशन, कामावर जखमी झालेल्या माणसाच्या उपचाराचा आणि भरपाईचा. आता विचार करा, ज्या खेळात अंगावर धावून जाणं हेच काम आणि कडेला भिंत आहे, तिथे हा विमा किती महाग पडत असेल. दुसरीकडे 12 मॅचच्या सीझनमध्ये घरच्या मॅच फक्त सहा. स्टेडियम संघाचं नाही, काउंटीचं. एनएफएलला पोसणारा टीव्हीचा पैसा इथे नाही. सहा संध्याकाळच्या तिकिटांवर वर्षभराचा संसार, त्यात डोक्यावर जुनं कर्ज.

आणि अर्ज केला तो चॅप्टर 7 खाली. अमेरिकेत चॅप्टर 11 म्हणजे कर्जाची फेररचना करून धंदा चालू ठेवायचा प्रयत्न. चॅप्टर 7 म्हणजे दुकान बंद, असेल ते विकून देणेकऱ्यांचे पैसे भागवा. एका शहरात गर्दी होते म्हणून त्या शहराचा संघ वाचवायची सोय त्यात नसते. 10-2 वाला आणि तळाचा, दोघं एकाच बोटीत.

ऑल्बनीला हे नवीन नव्हतं, हे जास्त लागतं. 1999 मध्ये ऑल्बनी फायरबर्ड्सने याच इमारतीत अरिनाबोल जिंकला होता. 2000 च्या सीझननंतर तो संघ इंडियानापोलिसला हलवण्यात आला.

पुढचं ऐका. एम्पायर हे नाव 2021 मध्ये नॅशनल अरिना लीग या दुसऱ्या लीगमध्ये परत आलं आणि 2021, 2022 अशी सलग दोन विजेतेपदं घेतली. 2023 मध्ये एनएफएलचा माजी स्टार अँटोनियो ब्राउन मालक म्हणून आला. त्याचे वडील एडी ब्राउन हे जुन्या फायरबर्ड्सचे हिरो, त्यामुळे लोक खूश होते. पण जूनमध्ये, सीझन अर्ध्यावर असतानाच, लीगचे पैसे भरले नाहीत म्हणून संघाला बाहेर काढण्यात आलं. सलग दोनदा जिंकलेला संघ तिसरा सीझन पूर्णही खेळू शकला नाही.

तीन संघ, चार ट्रॉफ्या आणि एकाही वेळी संघ हरला म्हणून गेला नाही. या छोट्या लीगमध्ये मैदानावरचा निकाल आणि बँकेतला निकाल यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. ट्रॉफीने गर्दी वाढेल, पण शेजारच्या शहरातला संघ बुडाला तर खेळायला समोर कोण आणायचं? 2024 मध्ये हेच दिसलं. अरिना फुटबॉल लीग पुन्हा सुरू झाली, ऑल्बनीत फायरबर्ड्स हे जुनं नाव परत आलं आणि काही आठवड्यांतच बरेच संघ गळाले. उरलेल्यांनी स्वतःच कसाबसा सीझन पूर्ण केला. ऑल्बनी फायनलला पोहोचलं आणि बिलिंग्स आउटलॉजकडून हरलं.

यावेळी मात्र हरलेला संघ टिकला. उरलेल्या संघांनी मिळून अरिना फुटबॉल वन नावाची नवी लीग काढली आणि त्यात ऑल्बनीचं नाव आहे.