शेण खाऊन दिवे लावणारे

'शेण खाणे' आणि 'दिवे लावणे' हे मराठीतले दोन्ही वाक्प्रचार अप्रतिष्ठेचे. वर्गात अर्थ विचारला, तर शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही बिनचूक सांगतो. बहुधा अनुभवाच्या बळावर! पण वाचकहो, जे अक्षरशः शेण खाते, अक्षरशः दिवे लावते आणि तरीही ज्याच्या कुळाला बट्टा लागत नाही, असे एक संयंत्र आहे. त्याचे नाव गोबरगॅस. (शेणाला 'गोबर' म्हटले की सरकारदरबारी खुर्ची मिळते, हा भाषेचा महिमा!)

आमच्या बोरीवलीत शिंपोली रस्त्याला कोरा केंद्र आहे. तरुण मंडळींना ते नवरात्रातल्या गरब्यामुळे ठाऊक. परंतु खादी व ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅसचे प्रयोग आणि प्रशिक्षण याच केंद्रात चालविले. जशभाई पटेल यांनी 1950 च्या दशकात तरंगत्या टाकीचा नमुना सिद्ध केला आणि आयोगाने तो गावोगाव नेला. शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून विहिरीसारख्या खड्ड्यात सोडायचे. तिथे हवा नसते. जंतू ते शेण कुजवतात आणि मिथेन सुटतो. गॅस साठला की वरची लोखंडी टाकी उचलली जाते. चूल पेटली की ती हळूहळू खाली बसते.

आता थोडा हिशेब. 25 किलो ओल्या शेणाच्या गोवऱ्या जाळल्या, तर सुमारे 10,000 किलोकॅलरी उष्णता निघते. पण चूल त्यातली दहा टक्केच भांड्याला देते, म्हणजे 1,000. बाकीची वाऱ्यावर जाते आणि धूर गृहिणीच्या डोळ्यांत. तेच शेण संयंत्रात घातले, तर साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. त्याची उष्णता 4,700 च्या आसपास, पण शेगडी त्यातली 55 टक्के कामी लावते. भांड्याला 2,600 मिळतात. भांडवल निम्मे, प्राप्ती अडीचपट! शिवाय गोवरीची राख होते, इथे मात्र खत शिल्लक उरते.

मग घोडे पेंड कुठे खाते? लोखंडी टाकी महाग आणि गंजणारी. म्हणून 1978 साली 'जनता' आणि 1984 साली 'दीनबंधू' हे पक्क्या घुमटाचे नमुने आले. ती अडचण सुटली. पण संयंत्राची भूक कोणत्याही कारागिराला कमी करता आली नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण लागते; म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. दोन गाईंच्या घरी मोठे संयंत्र बांधले, तर ते अर्धपोटीच राहणार. थंडीत जंतूही आळसावतात. आणि रोज ते शेण कालवायचे कोणी? बहुतेक घरी तिनेच, जिचे डोळे वाचवायला हा खटाटोप केला. शिवाय पाणीही बहुधा तिनेच आणायचे!

म्हणून संयंत्र बांधण्यापूर्वी घरधन्याने दावणीची जनावरे मोजावी, पाणी किती लांब आहे ते पाहावे आणि शेणाची पाटी कोण उचलणार, हे घरात ठरवावे. किती संयंत्रे बांधली, हे दप्तर सांगेल. आज रात्री किती पेटली, हे मात्र स्वयंपाकघरातच जाऊन विचारावे लागते.