खड्डा कुणाच्या नावावर?

बॉस, बाइक खड्ड्यात आदळते तेव्हा तो खड्डा एमएमआरडीएचा की महापालिकेचा, हे कोण बघतं? मुंबईत मात्र तक्रार करायची तर आधी हाच हिशोब लावावा लागायचा. सुमारे २,००० किलोमीटर रस्ते पालिकेकडे, पण वेस्टर्न आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे एमएमआरडीएकडे. म्हणजे शहर एक, टेंडरं दोन! नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही हायवे देखभालीसाठी पालिकेकडे आले. मला तरी हे पटलं. डांबर तेच, रोलर तोच, मग दोन ऑफिसांचा खर्च कशाला? फक्त वाचलेला पैसा रस्त्यावर दिसायला हवा. पावसात बाइकवाला पडला, तर मागच्या ट्रकला ब्रेक मारायलाही वेळ नसतो. निदान या दोन हायवेंवर तरी ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर आता चालणार नाही.