आभाळाचा वाद आणि रानातला जाळ



हवामान बदलाची चर्चा आता चुडाव्याच्या पारावर आणि गटकार्यालयाच्या ओट्यावरही रंगू लागली आहे. उसाची नोंद द्यायला आलेले सभासद हटकून हा विषय काढतात. त्यात तीन पक्ष पडलेले दिसतात. पहिला म्हणतो, "हे निसर्गाचं चक्र आहे, बहात्तरला काय कमी दुष्काळ होता?" दुसरा म्हणतो, "धुराडी अमेरिका-चीनची अन् भोगायचं आपण. आपल्या चार एकरानं काय आभाळ तापणार?" तिसरा पक्ष शहरात बसून बोलतो, "मराठवाड्याचं पाणी उसानं पिलं." तिघांच्याही म्हणण्यात काही खरे आहे. पण अर्धे खरे धरून बसले की काम थांबते. म्हणून आमचे मत स्पष्ट मांडणे आम्हाला जरूर वाटते.

पहिल्याचे बघू. १९७२ चा दुष्काळ भयंकर होता आणि निसर्गात चढउतार असतातच, यात वाद नाही. परंतु कोळसा जाळल्याने हवेतला कर्बवायू वाढून पृथ्वी तापेल, हा हिशेब स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच मांडला होता. हवाई बेटावर १९५८ पासून या वायूची रोज मोजणी होते. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर गेला आहे. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे कोरड्या दिवसांत ती जमिनीची ओल जास्त ओढते आणि पडायला लागली की एकदम ओतते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला. लगेच २०२४ आणि २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली. एखादे वर्ष केवळ हवामान बदलामुळेच असे गेले, हे छातीठोक सांगता येत नाही. पण कल कुठे आहे ते कळायला एवढे पुरे आहे.

दुसऱ्याचे म्हणणे न्यायाचे आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास कर्बवायू हवेत सोडला जातो, आपल्या देशात माणशी दोन टनांच्या आसपास. मोठ्या धुराड्यांनी आधी आवरते घ्यावे, ही मागणी रास्तच आहे. पण न्याय मिळेपर्यंत आपले रान उघडे टाकायचे काय? आपल्या शेजारची परळीची वीज पाहा. कोळसा जाळणारे हे केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. आभाळाने तिथे ना सरकार पाहिले ना खाते. मग आपल्याला कोण विचारतो?

आता आपल्या हातातले. ऊस तुटला की काडी लावायची, ही सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. पाचटातला कर्ब त्याच वर्षी हवेतून आलेला असतो, म्हणून पाचटाचा धूर आणि दगडी कोळशाचा धूर एका मापाने मोजू नये. खरे नुकसान जमिनीचे आहे. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की यातला कर्ब आणि बहुतेक नत्र धूर होऊन जातो, वरच्या थरातले जिवाणू मरतात, आणि काळी जमीन पुढच्या पावसात पाणी धरीत नाही, उन्हाळ्यात भेगाळते. एकीकडे युरियाच्या गोणीसाठी रांग लावायची आणि दुसरीकडे रानातला नत्र जाळायचा, हा कुठला व्यवहार?

पाचट ठेवायचे तर बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत पसरावे, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट व एक किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. "पाणी सरीत तुंबतं, उंदीर होतात, मजूर मिळत नाही," या तक्रारी खऱ्या आहेत, त्या आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच आमचे म्हणणे असे की पाचट कुट्टीचे यंत्र गटवार पाळीने मिळावे, हा विषय सभासदांनी वार्षिक सभेत आग्रहाने मांडावा. फड पेटवून तोडणी होते तेव्हाही सगळा दोष टोळीवर ढकलून भागणार नाही. हिरवा ऊस साफ तोडायला वेळ लागतो, त्या वेळेचे मोल मजुराला मिळाले पाहिजे. जळक्या उसाचे वजन घटते, उताराही घसरतो. तो तोटा सभासदाचा आणि कारखान्याचा, दोघांचाही.

राहिला तिसरा पक्ष. ऊस जास्त पाणी पितो, हे खरे आहे. ऊस वाढवणे हेच ज्यांचे काम, त्यांनी असे लिहावे का, असे काहींना वाटेल. पण पूर्णा नदीवरची येलदरी-सिद्धेश्वर धरणे असोत की आपल्या विहिरी, पाणी मोजकेच आहे. आम्हाला दहा एकर सुकलेल्या उसापेक्षा पाच एकर ठिबकावरचा भरदार ऊस हवा आहे. मोकाट पाण्यापेक्षा ठिबकावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी वाचते. त्या पाण्यावर शेजारच्या वाफ्यात हरभरा होतो, तूर होते, आणि एक पीक गेले तरी घर उभे राहते. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी नाही त्याने उसाची नोंद देऊ नये, हे आम्ही तोंडाने सांगतो तेच येथे लिहून देतो. गाळप थोडे घटले तर पुढच्या साली भरून निघेल, मोडलेला शेतकरी भरून निघत नाही.

निसर्गाशी आपले नाते सालगड्याचेही नाही आणि मालकाचेही नाही. ते वाटेकऱ्याचे आहे. वाटेकऱ्याने आपला वाटा घ्यावा आणि रानाचा रानाला ठेवावा.

या हंगामापासून चिटबॉयच्या वहीत एक नवा रकाना घालीत आहोत : पाचट ठेवले की जाळले. खोडव्याची नोंद देताना सभासदांनी खरे ते सांगावे. पुढच्या साली दोन्ही रानांचे एकरी वजन शेजारी शेजारी मांडून याच अंकात छापू. मग ज्याचे त्याने ठरवावे.

— ऊस विकास अधिकारी